हजेरीची वही आणि पाचवं उत्तर

(मंडळाच्या श्रावणातल्या सभेत माधवगंज येथे केलेले भाषण)



‘वृद्धाश्रमाच्या उपक्रम विभागाची सरकारी तपासणीसाठी तयारी’ असा विषय आम्हाला दिला गेला तेव्हा आमच्यातल्या एक वहिनी हसल्याच. म्हणाल्या, “विभाग कसला? एक लोखंडी कपाट आहे आपलं.” खरंच आहे ते. कपाटात एक पेटी, जिची एक पट्टी दाबली की वर येत नाही; टाळांचे दोन जोड, सापशिडी, पत्त्यांचे तीन जोड (एकात चौकटची राणी नाही), लोकरीचे गुंडे आणि हजेरीची वही. आम्ही सातआठजण आठवड्यातून तीन दिवस आश्रमात जातो आणि या कपाटाच्या जोरावर विभाग चालवतो. आश्रमाचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहोत त्यात चूक आमची आहे, आश्रमाची नाही.

काही वर्षांपूर्वी आश्रमात निरोप आला की परवा तपासणी आहे. मग काय, लग्नघरासारखी धावपळ! स्वयंपाकघर घासलं, औषधांचं कपाट लावलं, आग विझवायच्या नळकांड्यांवरची तारीख पाहिली. आमच्याकडे वही आली. पाहतो तो अडीच महिने कोरी. उपक्रम झाले नव्हते असं नाही, लिहिलं कोणी नव्हतं. त्या रात्री दोघींनी बसून, एकाच निळ्या पेनाने, अडीच महिन्यांची हजेरी भरली. सोमवारी भजन, बुधवारी अंताक्षरी, शनिवारी खेळ. नावांची यादी जुन्या पानावरून उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सगळ्यांना धुतलेले कपडे घालून हॉलमध्ये बसवलं. अधिकारी आले अडीचला. साडेपाच तास ती म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसून होती, मधे कोणाला लघवीला जायचं तरी “आता येतीलच, थोडं थांबा.” एका आजोबांनी विचारलं, “कोणी गेलंय का? इतके सगळे गप्प बसलोय ते?”

अधिकाऱ्यांनी भजन ऐकलं, मान डोलावली. मग हजेरीची वही मागितली आणि तिच्याशेजारी आश्रमाचं प्रवेश-निर्गमनाचं रजिस्टर उघडून ठेवलं. एका नावावर बोट ठेवून विचारलं, “ये माताजी कौन हैं?” आम्ही पाहिलं आणि पायाखालची जमीन सरकली. त्या आजी बारा तारखेला वारल्या होत्या. आमच्या वहीत चौदा तारखेला त्या भजनाला हजर होत्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. ‘अभिलेख विश्वसनीय नहीं’ एवढा शेरा लिहिला आणि गेले. शेऱ्याचं वाईट वाटलं, पण ते दोन दिवसांचं. आजींचं जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. त्यांना आम्ही चार वर्षं ओळखत होतो, आणि त्या गेल्याचं आमच्या वहीला कळलं नव्हतं. म्हणजे त्या होत्या तेव्हा तरी वहीला काय कळत होतं?

त्यानंतर आम्ही कायदा वाचायला घेतला. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ सालचा केंद्राचा कायदा आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुलांकडून पोटगी मिळवण्यापुरता माहीत असतो. त्याचं १९वं कलम वृद्धाश्रमांबद्दल आहे. जिल्ह्याला निदान एक, सुरुवातीला किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकारने उभारावा असं त्यात आहे. आणि त्याच कलमात, आश्रमांत कोणत्या सेवा असाव्यात, त्यांचा दर्जा काय असावा हे सरकारने ठरवावं असं सांगताना वैद्यकीय उपचारांच्या बरोबरीने मनोरंजनाच्या साधनांचा उल्लेख आहे. औषध आणि करमणूक एकाच वाक्यात! आमचं लोखंडी कपाट औषधांच्या कपाटाच्या पंक्तीला बसलेलं पाहून आम्हाला जरा अभिमानही वाटला. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे करमणूक किती आणि कशी याचं मोजमाप अजून ज्याचं त्याच्याकडे. आमच्या अनुभवात तपासणीला आलेली माणसं स्वयंपाकघर, संडास, औषधं यांत तास-दीड तास घालवतात आणि आमच्याकडे शेवटची पाच मिनिटं येतात.

आमच्यातल्या एकीची मुलगी न्यू जर्सीत एका नर्सिंग होमच्या उपक्रम विभागात नोकरी करते. ती दिवाळीला आली तेव्हा आम्ही तिला धरून बसवलं. तिकडे १९८७ साली नर्सिंग होमच्या सुधारणेचा कायदा झाला. तेव्हापासून तपासनीस न सांगता येतात, आणि दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून जास्त अंतर पडू देत नाहीत. ती म्हणाली, भिंतीवरचा महिन्याचा तक्ता कितीही रंगीत असला तरी त्यावर भागत नाही. या माणसाला काय आवडतं हे तुम्ही विचारलं होतं का, ते कुठे लिहिलंय, आणि आज तो जे करतोय त्याचा त्या लिहिलेल्याशी मेळ आहे का, हे पाहतात. स्वतः त्या माणसाशीही बोलतात.

तिकडे प्रत्येक रहिवाशाला आवडीनिवडीचे ठरलेले आठ प्रश्न विचारतात. वाचायला पुस्तकं-वर्तमानपत्रं मिळणं, आवडीचं संगीत, प्राण्यांचा सहवास, जगातल्या बातम्या कळणं, चारचौघांत मिसळणं, स्वतःच्या छंदाचं काही करणं, हवा चांगली असेल तेव्हा बाहेर पडणं, पूजाअर्चा, हे तुम्हाला किती महत्त्वाचं आहे? उत्तरं पाच. खूप, थोडंफार, फारसं नाही, मुळीच नाही. आणि पाचवं, ‘महत्त्वाचं आहे, पण आता जमत नाही किंवा तशी मोकळीक नाही.’

हे पाचवं उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. आमच्या वहीत दोनच उत्तरं होती, हजर आणि गैरहजर.

पुढचे दोन महिने आम्ही भजन-अंताक्षरी थोडी बाजूला ठेवून एकेकाजवळ बसलो आणि हेच आठ प्रश्न आपल्या भाषेत विचारले. जे. सी. मिलमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. मिल १९९२ साली बंद पडली, त्यांची सवय बंद पडली नाही. अजून पहाटे पाळीच्या वेळेला उठतात. चारच्या भजनाला कधी येत नाहीत म्हणून वहीत त्यांच्या नावापुढे ‘इच्छा नाही’ असं वर्षभर लिहिलेलं. विचारल्यावर कळलं, त्यांना पेपर हवा असतो, सकाळी सहाला, आणि डोळ्यांनी दिसत नाही. पाचवं उत्तर! आता सकाळी फिरायला निघणारे आमचे दोघे सभासद वाटेत थांबून त्यांना पेपर वाचून दाखवतात. वीस मिनिटं. पैकी दहा मिनिटं काका बातम्यांवर शिव्या घालतात, तीही आम्ही उपक्रमातच धरतो.

एक आजी म्हणाल्या, मला निवडायला-टिपायला द्या. मटार सोलते, मेथी निवडते. हिवाळ्यात गच्चीवरच्या उन्हात त्यांचा छान अड्डा जमतो. त्यावर पुढच्या एका भेटीत आक्षेप आला, “इनसे काम कराते हो?” आक्षेप रास्तच आहे, आश्रमाची भाजी वृद्धांकडून फुकट निवडून घेणं आणि आजींची आवड यांत फरक कागदावर दिसायला हवा. तो दाखवायचा कसा? आजींनी स्वतः कधी, कोणत्या शब्दांत मागितलं ते लिहिलेलं असेल, आणि नको वाटलं त्या दिवशी त्या उठून गेल्या हेही लिहिलेलं असेल, तर दिसतो. आम्ही तसं लिहितो. तरी या बाबतीत आमच्यातच दोन मतं आहेत हे कबूल करतो.

तेव्हा तयारी म्हणून आम्ही आता काय करतो ते सांगतो. वही त्याच दिवशी, आश्रमाच्या पायऱ्या उतरण्याआधी भरतो. ज्याने उपक्रम घेतला त्यानेच लिहायचं, त्याच्याच अक्षरात. कोण आलं, किती वेळ बसलं, मधेच उठलं का, आणि आलं नाही तर का. ‘गुडघा दुखतो’, ‘मुलाचा फोन आला होता, रडत होत्या’, ‘पेटी बेसूर आहे म्हणाले’. राहून गेलं तर पान कोरं सोडतो आणि ‘लिहायचे राहिले’ एवढंच लिहितो. कोऱ्या पानाची लाज वाटते, वाटू दे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वेगळं पान, कारण हॉलमधल्या कार्यक्रमात त्यांचं नाव येतच नाही आणि मग ती माणसं वहीतून नाहीशीच होतात. दर महिन्याच्या एक तारखेला प्रवेश-निर्गमनाचं रजिस्टर आणि आमची वही शेजारी ठेवून नावं ताडून पाहतो. हे कशामुळे, ते सांगायला नको. फोटो काढायचा तर आधी विचारतो. मे महिन्यात चारचा कार्यक्रम ठेवत नाही. ग्वाल्हेरची लू ज्याने खाल्ली आहे त्याला कारण विचारावं लागणार नाही.

मागच्या जानेवारीत तपासणी न सांगता झाली. मंडळी गच्चीवर पत्ते खेळत होती. नव्या बाईंनी मिलवाल्या काकांना विचारलं, “बाबूजी, यहाँ मन लगता है?” काका म्हणाले, “ये लोग ताश में बेईमानी करते हैं.” आम्हाला घाम फुटला, बाई मात्र हसल्या. मग त्यांनी वही चाळली, आणि एका पानावर थांबल्या. बहिऱ्या झालेल्या एका आजी आहेत. त्यांच्या पानावर आमच्याच अक्षरात चार आठवडे ओळीने लिहिलेलं होतं, ‘आज काही जमले नाही’. बाईंनी ती त्रुटी म्हणून नोंदवली. योग्यच केलं. पण या वेळी खाली ‘विश्वसनीय नहीं’ असं नव्हतं.

ती त्रुटी अजून उभी आहे. आजी एकेकाळी उत्तम भरतकाम करायच्या, कर्नाटकी कशिदा. बोटं अजून चालतात, पण त्यांच्याजवळ बसून, न बोलता, टाका दाखवून सोबत करील असं आमच्यात कोणी नाही. आम्हाला भजनं येतात, टाके येत नाहीत.

दरवर्षी गणपतीच्या दहा दिवसांत आपल्या मंडळातून आश्रमात आरतीला, मोदक द्यायला खूप माणसं येतात. एकेका दिवशी पाच-पाच गट येतात. आजी-आजोबा दमून जातात आणि एकूण किती मोदक होतात ते मधुमेहाची गोळी देणाऱ्या ताईंना विचारा. अनंत चतुर्दशीनंतर दारात कोणी नसतं. म्हणून या वर्षी एक यादी करून आणली आहे, ती बाहेर चपलांच्या कपाटाजवळच्या टेबलावर ठेवली आहे. अश्विनापासून फाल्गुनापर्यंतचे सगळे मंगळवार तिच्यात लिहिलेत, आणि प्रत्येकासमोर एक रिकामी जागा आहे. पहिल्या चार मंगळवारांसमोर पेन्सिलीने ‘कशिदा’ लिहिलं आहे. ज्यांना तो येतो त्यांनी तिथे नाव घालावं. सुई-दोरा आणि कापड आम्ही आणून ठेवलं आहे, कपाटात, लोकरीच्या मागे.