चोच, चारा आणि हंडा



माझ्या अम्मीची नऊ बाळंतपणं झाली. आम्ही सहा जण जगलो. मी थोरली. सातवीनंतर माझी शाळा सुटली, कारण धाकट्याला सांभाळायला आणि नळावर रांगेत उभं राहायला घरात दुसरं कुणी नव्हतं. दहावी मी लग्नानंतर बाहेरून दिली. त्यामुळे 'लोकसंख्या' म्हटलं की मला आधी तो हंडा आठवतो, आकडे नंतर.

मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, ज्याने चोच दिली तो चाराही देईल. अम्मी एकदा म्हणाली, "देतो ना, पण वेचायला मलाच जावं लागतं."

आता आकडे. १९६० साली जगात सुमारे ३०० कोटी माणसं होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी झाली. १९५१ साली भारतात दरडोई वर्षाला सुमारे ५,१७७ घनमीटर पाणी होतं, २०११ साली १,५४५. पाऊस साधारण तेवढाच, वाटेकरी वाढले. पृथ्वीला मर्यादा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण पृथ्वी रिकामी कोण करतं? सरासरी अमेरिकन माणूस सरासरी भारतीयाच्या सुमारे सातपट कार्बन हवेत सोडतो. आपल्याच राज्यात ऊस थोड्या जमिनीवर उभा राहून सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो. तेव्हा डोकी मोजताना प्रत्येक डोक्यामागचा खर्चही मोजा.

आणि आपल्यावरचा आरोप? तो तुम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर, व्हॉट्सॲपवर ऐकता. रागावू नका, आकडे सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मुस्लिम स्त्रीमागे १९९२-९३ मध्ये सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ मध्ये २.४. हिंदू स्त्रीमागे ती ३.३ वरून १.९ वर आली. म्हणजे घट आपल्यात जास्त झाली. बिहारमधल्या हिंदू स्त्रीला केरळमधल्या मुस्लिम स्त्रीपेक्षा सरासरी जास्त मुलं होतात. फरक धर्मापेक्षा शाळेने आणि दवाखान्याने पडतो. शाळेत न गेलेल्या स्त्रीला देशात सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८.

पण आरोप खोटा ठरला म्हणून आपलं काम संपत नाही. थोडा फरक अजून आहे. तो कुणाची तोंडं बंद करण्यासाठी कमी करायचा नाही. आपल्या मुलींच्या हातातला हंडा खाली ठेवता यावा म्हणून कमी करायचा आहे.

सक्तीने हे होत नाही. १९७६ साली हरियाणातल्या उटावर गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना नसबंदीसाठी नेलं. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं; त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या भीतीने लोक दवाखान्यापासून दूर पळाले. याउलट बांगलादेशात आरोग्यसेविका दारोदारी गेल्या. इराणने १९८९ नंतर गावोगावच्या आरोग्यकेंद्रांतून साधनं दिली, उलेमांनी पाठिंबा दिला आणि सरासरी वीस वर्षांच्या आत दोनच्या आसपास आली.

"दीनमध्ये चालतं का?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. हदीसमध्ये 'अज़्ल'चा उल्लेख आहे. इमाम ग़ज़ाली यांनी तो जायज मानताना स्त्रीच्या जिवाची काळजी आणि संसाराची ओढाताण ही कारणंही मान्य केली. नऊशे वर्षांपूर्वी हे बोलता येत होतं. मग आज आपण कशाला लाजायचं?

शेवटचं मुलांशी बोलते. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या जवळपास ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुषांची नसबंदी झालेली जोडपी किती? ०.३ टक्के. ती शस्त्रक्रिया साधी आहे, काही मिनिटांची आहे. तरी ओझं बायकांवरच.

म्हणून आज घरी जाऊन दोनच गोष्टी करा. बहिणीचं लग्न ठरत असेल, तर आधी तिची बारावी पूर्ण होऊ द्या, असं अब्बांना सांगा. आणि तुमचं ठरलं असेल, तर तिला निकाहाआधी विचारा, मुलं किती आणि केव्हा हवीत. उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

माझ्या अम्मीला हे कुणीच विचारलं नाही.