लाईट आली



इंग्रजीच्या तासाला आपण ‘लाईट’चे दोन अर्थ पाठ केले: प्रकाश आणि हलका. अंथुर्ण्यात मात्र लाईट म्हणजे वीज. ती येते, जाते. बिल थकलं की तोडतात. वस्तीवर सिंगल फेजवर बल्ब लागलेला असायचा आणि वडील म्हणायचे, “लाईट नाही.” कारण विहिरीवरची मोटर थ्री फेजची. ती लाईट बहुधा मध्यरात्री यायची. आई हाक मारायची, “अहो, उठा, लाईट आली!” मग वडील बॅटरी घेऊन अंधारात उसाला दारं धरायला निघायचे. (बॅटरी म्हणजे टॉर्च, हे इथं सांगायला नको.) उसात साप फार; ते परतेपर्यंत आई जागीच असायची. मी पेपरात ‘प्रकाश’ लिहून एक मार्क मिळवला.