घरचंच काम आहे!

(आषाढी एकादशीच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आधी सांगण्यात आलं होतं की तुम्ही सरकारी माणूस, तेव्हा पेन्शनवर बोला. मी म्हटलं, त्या विषयातले माझ्याहून जाणकार पहिल्या दोन रांगांत बसलेले असतात, मी काय बोलणार! मी आहे साधा डिप्लोमावाला, आणि गेली सहा वर्षं आपल्या स्मरणिका समितीत जाहिराती गोळा करतो, प्रुफं तपासतो. म्हणून त्यातलंच बोलतो. डिझाइन करणाऱ्या माणसाशी कामाचं आणि पैशाचं बोलणं कसं करावं, हा आजचा विषय. ऐकायला कोरडा आहे. पण याच बोलण्यावरून आपल्या समाजातलं एक घर आपल्याला दुरावलं आहे आणि त्यात माझा वाटा मोठा आहे, म्हणून मी उभा राहिलो.

नाव घेत नाही. इथेच लष्करात वाढलेली मुलगी, अप्लाइड आर्ट शिकून आली, घरूनच काम करते. पहिल्या वर्षी मी तिला फोन केला, ‘बेटा, स्मरणिकेचं एक छोटंसं मुखपृष्ठ करायचंय. घरचंच काम आहे.’ पैशाचं मी काढलं नाही, तिनंही विचारलं नाही. तीन वर्षं तिनं मुखपृष्ठ केलं. आपण शाल दिली, श्रीफळ दिलं, टाळ्या वाजवल्या.

चौथ्या वर्षी मी तिला निरोप दिला, ‘या वेळी काहीतरी वेगळं कर. पारंपरिक, पण जरा मॉडर्न.’ आता या वाक्याचा अर्थ काय, हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं एक चित्र पाठवलं. समितीतल्या एकांना किल्ल्यावरचं मानमंदिर हवं होतं, दुसऱ्यांना गणपती मोठा हवा होता, तिसऱ्यांनी जाहिरातदाराला शब्द दिला होता की त्यांची पट्टी मुखपृष्ठावर येईल. प्रत्येकानं तिला वेगळा फोन केला. नऊ वेळा बदल झाले. दहाव्या वेळी तिला उशीर झाला, आणि छापखान्यातल्या मुलानं इंटरनेटवरून एक तयार गणपती उतरवून लावून टाकला. तेच छापलं. हे तिला कुणी कळवलंसुद्धा नाही. प्रकाशनाच्या दिवशी अंक हातात आला तेव्हा तिला कळलं. तेव्हापासून त्या घरातलं कुणी आरतीला येत नाही.

या चैत्रात मी तिच्याकडे गेलो. तिनं चहा केला, नीट बोलली. मी म्हटलं, ‘तुझे पैसे द्यायला हवे होते.’ ती म्हणाली, ‘काका, पैसे राहू द्या. पण पैसे ठरले असते ना, तर तुम्ही नऊ वेळा बदल सांगितले नसते.’

घरी येऊन मी हिशेबाची वही काढली. कागद, छपाई, बाइंडिंग, जाहिरातींसाठी फिरलेल्यांचं पेट्रोल, हारफुलं, प्रकाशनाचे पेढे. पेढ्यांना ओळ आहे, डिझाइनला नाही. ज्याला वहीत ओळ नाही, त्याला आपल्या लेखी अंतही नसतो. छपाईचा दर ठरलेला, म्हणून प्लेट निघाल्यावर आपण बदल सांगायला कचरतो, कारण नव्या प्लेटचे पैसे पडतात. चित्र फुकट, म्हणून रात्री साडेअकरालाही फोन.

खरं तर आपल्याला हे बोलणं येत नाही असं अजिबात नाही. घरचा गणपती ठरवायला जातो तेव्हा काय करतो? उंची सांगतो. शाडूचा की प्लास्टरचा, सोंड कुठल्या बाजूला, बैठक कशी, पितांबराचा रंग कोणता, न्यायला कधी येणार, सगळं सांगतो. किंमत ठरवतो आणि इसार देतो, ज्याला आपण ग्वाल्हेरवाले बयाना म्हणतो. रंग चढल्यावर कुणी म्हणत नाही की आता हा उभा करून द्या! भगिनीवर्ग शिंप्याकडे जाताना मापाचा ब्लाऊज बरोबर नेतो. डिझाइनवाले ज्याला ‘ब्रीफ’ म्हणतात ते हेच, मापाचा ब्लाऊज.

आता माझ्या नोकरीतली गोष्ट. कार्यालयाचं नाव विचारू नका. एका कार्यक्रमासाठी पुस्तिका काढायची होती आणि टिपणी मीच लिहिली: ‘आकर्षक, बहुरंगी, 24 पृष्ठांची पुस्तिका.’ कमीत कमी दराला काम गेलं. दर फक्त छपाईचा होता, डिझाइन ‘फ्री’. आता फ्री म्हणजे काय? छापणारा ते आपल्या दरातूनच भागवतो, आणि दर कमी असला की त्याचा माणूस त्यावर दहा मिनिटं बसतो. पहिलं प्रूफ पाहून साहेब म्हणाले, ‘यह किसने कहा था?’ कुणीच म्हटलं नव्हतं. ‘आकर्षक’ हा शब्द माझा, आणि त्याचं माप कुणाकडेच नव्हतं. मग शेवटच्या आठवड्यात दोन पानांचा संदेश आला. पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असावी लागतात, 24 ची 26 होत नाहीत, 28 होतात. उरलेली दोन पानं भरायला आम्ही जुने फोटो शोधत बसलो. पुस्तिका आली तेव्हा कार्यक्रम होऊन गेला होता. काही गठ्ठे अजून कपाटावर आहेत.

त्या दिवसापासून मी काम सांगण्याआधी एक कागद लिहितो. फार काही नसतं त्यात. हे कुणी वाचायचं आहे, किती पानं, कुठल्या आकारात, किती प्रती, मजकूर कोण देणार आणि कधी देणार, शेवटची तारीख कोणती. कागदावर छापायचं आहे की मोबाइलवर फिरवायचं आहे, हेही आधीच सांगायचं, कारण मोबाइलच्या पडद्यावर झळकणारा केशरी कागदावर उतरला की मळकट दिसतो आणि मग आपण मुलांनाच बोलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘पसंत’ म्हणणारा माणूस एकच. समितीत अकरा जण असोत, डिझाइनरला फोन एकानंच करायचा. बाकीच्यांनी आपसात भांडून घ्यावं!

आपल्या गावी यात आणखी एक ओळ वाढवावी लागते: मजकूर मराठी आहे. हिंदीवर हात बसलेल्या इथल्या ऑपरेटरला कृतिदेवमध्ये ‘ळ’ शोधायची सवय नसते. टिळकांचं ‘टिलक’ झालेलं आपण पाहिलं आहे, आणि ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र तर दरवर्षी बळी जातो. प्रूफ कोण वाचणार आणि किती वेळा, हे लिहिलं नसेल तर दोष ऑपरेटरचा नाही.

आता बजेट. डिझाइनर विचारतो, ‘तुमचं बजेट किती?’ आपण म्हणतो, ‘तूच सांग.’ तो म्हणतो, ‘तुम्ही द्याल ते.’ दोघेही सभ्य, आणि महिन्याभरानं दोघेही नाराज. आपल्याला वाटतं आकडा सांगितला की समोरचा तेवढा लावणारच. अहो, साडीच्या दुकानात ‘कोणत्या रेंजमध्ये दाखवू?’ म्हटल्यावर आपण चटकन सांगतो ना? दोन हजारांत पैठणी निघणार नाही हे दुकानदारालाही कळतं, आपल्यालाही. तसंच इथे. बजेट 4000 असेल तर ती मुलगी सुंदर अक्षरं आणि दोन रंग यांत मुखपृष्ठ बसवेल, आणि ते चांगलंच दिसेल. 12000 असेल तर हातानं चित्र काढेल. आकडा न कळल्यामुळे ती 12000चं काम करते आणि आपण 1100चं पाकीट देतो, शगुनाचं.

मागच्या बैठकीत सूचना आली की मुलांची स्पर्धाच ठेवू, सरकारही ठेवतं. म्हणून विनंती करतो, खिशातून 500ची नोट काढा. (परत खिशात ठेवायला विसरू नका, आज जाहिरातींची वसुली चालू आहे.) पुढच्या बाजूला ₹ हे चिन्ह दिसेल. त्यासाठी केंद्र सरकारनं 2009 साली स्पर्धा घेतली. चिन्हात देशाचा इतिहास आणि संस्कृती दिसावी, आणि ते साध्या कीबोर्डवर बसावं, अशा अपेक्षा आधीच लिहून दिल्या होत्या. आयआयटी मुंबईत शिकलेले उदय कुमार यांचं चिन्ह जुलै 2010 मध्ये मंजूर झालं, बक्षीस अडीच लाख रुपये. आता नोट उलटी करा. गांधीजींचा चष्मा, एका काचेत ‘स्वच्छ’, दुसरीत ‘भारत’. हे बोधचिन्ह आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं. तेही स्पर्धेतून आलं, 2014 साली, आणि बक्षीस 50,000. आपल्या घंटागाडीपासून नोटेपर्यंत सगळीकडे तो चष्मा आहे. आपल्या भाषेतल्या माणसाची रेघ कोट्यवधी खिशांत आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पण दोन्ही ठिकाणी काय मागायचं ते आणि बक्षीस किती ते आधी जाहीर होतं, आणि देशभरातल्या हजारो लोकांनी ते वाचून भाग घेतला. आपण स्पर्धा ठेवणार म्हणजे काय करणार? आपल्याकडे हे काम जाणणारी मुलं चार. चौघं आठवडाभर राबणार, एकाला सन्मानपत्र, तिघांना ‘छान प्रयत्न’. लहान मुलांची चित्रकला स्पर्धा जरूर ठेवा. धंद्याच्या माणसाकडून काम करून घ्यायची ती रीत नव्हे.

आपल्या पिढ्यांना मुखपृष्ठांचं प्रेम नव्हतं असंही नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रं असलेले दिवाळी अंक लष्करातल्या कितीतरी घरांनी माळ्यावर जपून ठेवले होते, काहींनी अजून ठेवले आहेत. माझ्या आजीनं मुळगावकरांची लक्ष्मी कॅलेंडरातून कापून देव्हाऱ्यामागे चिकटवली होती. या लोकांचा हा पोटापाण्याचा व्यवसाय होता, हे मात्र आपण सोयीनं विसरतो.

ज्यांची मुलं या व्यवसायात आहेत त्या आईवडिलांसाठी थोडं सांगतो, कारण कागदपत्रं हा माझा रोजचा धंदा आहे. मुलाची उद्यम नोंदणी करा, ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. 2006च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदलेल्या छोट्या व्यावसायिकाचं काम स्वीकारलं की पैसे ठरलेल्या तारखेला, आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी काही ठरलंच नसेल तर मुदत 15 दिवसांची. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. मुलं हे व्याज मागत नाहीत, पुढचं काम जाईल म्हणून. पण बिलाच्या तळाशी एक ओळ लिहायला हरकत नाही. दुसरं, कंपनीनं 10 टक्के कापून पैसे दिले तर ती फसवणूक समजू नका. तो टीडीएस आहे, विवरणपत्र भरलं की हिशेबात धरला जातो. आणि तिसरं, जे मलाही उशिरा कळलं: कलाकृतीचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात. म्हणून लोगो करताना हक्क कुणाचे राहणार ते त्याच कागदावर लिहून टाका. ग्राहकालाही ते बरं. दुकानाची पाटी दहा वर्षांनी वादात अडकायला नको.

घरातल्या माणसाकडे असा कागद मागणं अवघड जातं, मान्य आहे. माझे वडील म्हणायचे, आपल्या माणसाशी हिशेब करू नये. त्यांच्याशी वाद घालायची माझी कधी हिंमत झाली नाही. पण त्यांच्या वेळी आपल्या माणसाची नोकरी पक्की असायची आणि चित्र काढणं संध्याकाळचं असायचं. या मुलांचं सकाळचं तेच, संध्याकाळचंही तेच, आणि विजेचं बिलही त्यातूनच.

समितीनं या वर्षापुरतं ठरवलं आहे ते सांगतो. हिशेबात डिझाइनची ओळ आली आहे. रक्कम आधी सांगितली, अर्धी आगाऊ दिली. बदल दोनदा, तिसऱ्यांदा हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. तिच्याशी बोलणार मी एकटा. मुखपृष्ठावर मानमंदिर हवं असलेल्या काकांनी मला फोन करावा, मी ऐकून घेईन. जाहिरातीची पट्टी मुखपृष्ठावर येणार नाही. हो, तीच मुलगी करते आहे. तिनं कागद वाचला, एक तारीख बदलून घेतली आणि सही केली. आरतीला येणार का, हे मी विचारलेलं नाही.

आता राहिलं आपल्याकडचं. मजकूर नागपंचमीपर्यंत माझ्याकडे पोचला पाहिजे, हातानं लिहिलेला चालेल, ‘ळ’ मी तपासून घेईन. फोटो व्हॉट्सॅपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो छोटा होऊन येतो आणि छापल्यावर चेहरा ओळखू येत नाही. ज्यांचे लेख मागच्या वर्षी प्रकाशनाच्या आदल्या रात्री आले होते ती मंडळी समोरच बसली आहेत, मी त्यांच्याकडे बघत नाही.