राखणदारीचीही शाळा हवी

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया प्रांतात पगवॉश नावाचं एक गाव आहे. समुद्राकाठचं, मासेमारी करणारं, आमच्या मोरा बंदरासारखंच लहानसं. जुलै १९५७ मध्ये या गावात निरनिराळ्या देशांतले बावीस शास्त्रज्ञ जमले. अमेरिकेचे होते, तसे रशियाचेही होते. दोन्ही देश त्या वेळी अणुबॉम्ब रचून ठेवण्यात गुंतले होते. जी विद्या आपण जगाच्या हातात दिली ती आवरायची कशी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी, १९५५ मध्ये, बर्ट्रांड रसेल आणि आइनस्टाइन यांनी जे आवाहन केलं होतं त्यातून ही बैठक निघाली. खरं तर ती दिल्लीत व्हायची होती. पंडित नेहरूंनी निमंत्रणही दिलं होतं. पण सुएझचा पेच उभा राहिला आणि तो बेत राहून गेला. मग सायरस ईटन नावाच्या उद्योगपतीने खर्च उचलला आणि पगवॉशचं नाव इतिहासात गेलं.

या कामाचे सूत्रधार होते जोसेफ रॉटब्लॅट. अमेरिकेच्या बॉम्बप्रकल्पात ते काम करत होते. पण जर्मनीकडे बॉम्ब नाही असं कळल्यावर १९४४ साली त्यांनी तो प्रकल्प सोडला. उरलेलं आयुष्य त्यांनी ही विद्या आवरण्यात घालवलं. १९९५ साली त्यांना आणि पगवॉश चळवळीला शांततेचं नोबेल मिळालं.

आता योगायोग पाहा. त्या बैठकीनंतर महिन्याभरातच, ऑगस्ट १९५७ मध्ये, आपल्या मुंबईत एक शाळा सुरू झाली. अणुऊर्जा खात्याचं ट्रेनिंग स्कूल. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणाऱ्या लाँचमध्ये डाव्या हाताला बसलात तर स्वच्छ हवेत ट्रॉम्बेची टेकडी दिसते. त्या टेकडीच्या पायथ्याशी जे उभं राहिलं त्यासाठी माणसं घडवायची ही शाळा. कल्पना डॉ. होमी भाभांची. परदेशातून तज्ज्ञ मागवण्यापेक्षा आपल्याच कॉलेजांतली पोरं घ्यावीत आणि त्यांना एक वर्ष कसून शिकवावं, असा त्यांचा विचार होता.

या शाळेची रीत समजून घेण्यासारखी आहे. इंजिनिअर किंवा एमएस्सी झालेल्या मुलामुलींना परीक्षा आणि मुलाखत घेऊन निवडायचं. वर्षभर शिकवायचं, राहायची सोय करायची आणि शिकत असतानाच विद्यावेतन द्यायचं. वर्ष नीट पार पडलं की नोकरी ठरलेली. मुलाने मात्र काही वर्षं सेवेत राहण्याचं लिहून द्यायचं. फी नाही, कर्ज नाही, वशिला नाही. घरी चार पैसे पाठवता येतात आणि शिक्षणही होतं. गरिबाघरच्या हुशार पोराला याहून मोठी गोष्ट कोणती?

म्हणून या शाळेतून कोण कोण निघालं ते पाहावं. बडवानीला जन्मलेले, खरगोनला शाळा शिकलेले आणि मुंबईत रुपारेल व व्हीजेटीआयमधून पुढे आलेले अनिल काकोडकर १९६३ साली इथे दाखल झाले. पुढे ते ट्रॉम्बेच्या केंद्राचे संचालक आणि २००० ते २००९ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कसबा सांगावचे शिवराम भोजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून याच शाळेत आले. १९६९ मध्ये खात्याने त्यांना फ्रान्समध्ये कादाराश इथे जलद अणुभट्टीच्या आराखड्याचं काम करायला पाठवलं. वय सत्तावीस. ते पुढे कल्पाक्कमच्या केंद्राचे संचालक झाले. कसबा सांगाव ते कादाराश हा रस्ता त्या एका वर्षाने खुला केला.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी. फिजिक्स घेऊन एमएस्सी करते आहे. एके दिवशी मला म्हणाली, “चाचा, अणुभट्टी बांधणारे पुष्कळ आहेत. तो माल चुकीच्या हातात पडू नये म्हणून काम करणारेही असतील ना? मला ते करायचंय.” मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण प्रश्न असा होता की मला स्वस्थ बसवेना. मी वाचत गेलो, विचारत गेलो.

असं काम असतं. भट्टीत अपघात होऊ नये म्हणून जी काळजी घ्यायची ती झाली सुरक्षितता. चोरी, घातपात, गैरवापर होऊ नये म्हणून जो पहारा ठेवायचा तो वेगळा. त्याला मी आपल्या साध्या शब्दात राखण म्हणतो. शेतात पीक उभं राहिलं की राखणदार लागतोच.

ही राखण केवळ बॉम्बची नव्हे. कॅन्सरच्या रुग्णालयात, कारखान्यात, लासलगावच्या विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० असतं. २००७ साली आपला हापूस अमेरिकेला गेला तो तिथूनच विकिरण करून. हा पदार्थ उपयोगाचा, पण बेवारस झाला की घातक. २०१० साली दिल्ली विद्यापीठातलं, १९८५ पासून पडून राहिलेलं एक यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. अनेक जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडलं आणि ती हाताळणाऱ्या वीसेक कामगारांना किरणोत्साराची मात्रा बसली. माग काढत काढत तपास आपल्या रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळच्या एका ओतशाळेपर्यंत आला. भंगारात काय वितळतंय हे भट्टीवरच्या माणसाला कळणार कसं?

म्हणजे या राखणीला एकटा शास्त्रज्ञ पुरत नाही. बंदरावर कंटेनर तपासणारा कस्टमचा अधिकारी लागतो, पोलीस लागतो, संगणकाचा जाणकार लागतो, वकील लागतो. अणुसामग्रीच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली मोठी दुरुस्ती झाली. भारताने ती २००७ मध्ये मान्य केली. पण पुरेसे देश तयार होऊन ती लागू व्हायला २०१६ उजाडलं. एवढी वर्षं देशादेशांत जाऊन समजूत घालणारी, मसुदे लिहिणारी माणसंही राखणदारच. आणि जाणकार सांगतात, सर्वात मोठा धोका असतो तो आतल्या माणसाचा. कुंपण कितीही उंच घाला, किल्ली ज्याच्या हाती तो माणूस चांगला निपजला पाहिजे.

अशी माणसं घडवण्यासाठी जगात काय चालतं? अमेरिकेत १९८७ पासून स्कोव्हिल फेलोशिप आहे. नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणांना ती वॉशिंग्टनमध्ये शांतता आणि शस्त्रनियंत्रणाच्या संस्थांत पगारी काम देते. अणुसुरक्षेवर संशोधन करणाऱ्या तरुणांना स्टँटन फाउंडेशन वर्षभराची फेलोशिप देतं. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२० मध्ये मेरी क्युरींच्या नावाने फक्त मुलींसाठी फेलोशिप सुरू केली. एमएस्सीसारखं शिक्षण घेणाऱ्या मुलींना दोन वर्षांपर्यंत फी आणि राहणीसाठी मदत मिळते, नंतर उमेदवारीची संधीही. विषयांत अणुसुरक्षा आहे. भारतानेही २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत एक जागतिक केंद्र काढण्याची घोषणा केली. हरियाणात जसौर खेडी इथे ते उभं राहिलं आणि त्यात अणुसुरक्षेचा विभाग आहे. तिथे प्रामुख्याने छोटे अभ्यासक्रम होतात, ते बहुतेक नोकरीत असलेल्यांसाठी.

हे सगळं मी त्या मुलीच्या वडिलांना सांगितलं. ते लाँचवर काम करतात. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाई, पहिल्या वर्षाला काय मिळेल? आणि अशा जागी आपल्या पोरीला घेतील का?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं. म्हटलं, परीक्षेच्या पेपरावर मोहल्ला लिहायचा नसतो आणि सरकारी नोकरीत चौकशी सगळ्यांचीच होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र अवघड होतं. अणुभट्टी बांधायला जायचं तर अणुशक्तीनगरचं ट्रेनिंग स्कूल आहे, पहिल्या दिवसापासून विद्यावेतन आहे. अणुशास्त्राबरोबर कायदा, राजकारण, बंदराचा बंदोबस्त शिकून राखणीत शिरायचं तर तशी पगारी वाट मला महाराष्ट्रात दिसली नाही. परदेशी जा, नाहीतर आधी घरचं खा आणि मग शिक. ज्याच्या घरी खायला आहे त्यालाच हे परवडतं.

आमच्या बंदरात कोणी पोराच्या हाती एकदम होडी देत नाही. आधी तो खलाशी म्हणून जातो, तांडेलाच्या हाताखाली वारा आणि भरती-ओहोटी ओळखायला शिकतो. पण त्या दिवसांतही त्याला त्याचा वाटा मिळतो. वाटा मिळाला नाही तर तो शिकायला टिकणार नाही. हे आमच्या कोळी शेजाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि भाभांनाही ठाऊक होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत केला आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं. भट्ट्या वाढतील, माल वाढेल, वाहतूक वाढेल. त्या प्रमाणात राखणदार वाढायला नकोत का?

मुंबईएवढी सोय दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. ट्रॉम्बे इथे, अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरात, न्हावा शेवा बंदर आमच्या उरण तालुक्यात, किरणांनी उपचार करणारं टाटा रुग्णालय परळला, विद्यापीठ कलिन्याला. ट्रेनिंग स्कूलमधून बाहेर पडून आयुष्यभर काम करून निवृत्त झालेली कितीतरी मंडळी मुंबईत आणि नवी मुंबईत राहतात. विद्यापीठाने आणि एखाद्या विश्वस्त निधीने मनावर घ्यावं. दरवर्षी दहा मुलंमुली निवडावीत. काही विज्ञानाची, काही कायद्याची, एखादा इतिहासाचासुद्धा. वर्षभर विद्यावेतन द्यावं आणि या माजी विद्यार्थ्यांच्या हाताखाली बंदरावर, रुग्णालयात, नियामक मंडळात पाठवावं. काकोडकर-भोजे यांच्या पिढीला जे एक वर्ष मिळालं तेच या मुलांना द्यायचं, एवढीच मागणी आहे. खर्च होईल तो एका अणुभट्टीच्या खर्चापुढे काहीच नसेल.

तोपर्यंत त्या मुलीने काय करायचं? मी तिला दोन्ही अर्ज भरायला सांगितलेत, ट्रेनिंग स्कूलचा आणि व्हिएन्नाचा. ज्या घरात अशी मुलं असतील त्यांनीही चौकशी करावी. आणि ज्यांनी आयुष्यभर या विद्येची चाकरी केली, त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ काढून जवळच्या कॉलेजात जावं. आपल्याला ते पहिलं वर्ष कोणी दिलं हे मुलांना सांगावं.