न विकलेल्या मालाचा भार कोणावर? शॉपर्स स्टॉपची वाढ

शॉपर्स स्टॉपचे पहिले दुकान १९९१ साली मुंबईत अंधेरीला उघडले. ते के. रहेजा या बांधकाम क्षेत्रातल्या समूहाने काढले आणि बी. एस. नागेश यांनी पहिल्या दिवसापासून त्याचा कारभार पाहिला. सुरुवातीला तेथे फक्त पुरुषांचे कपडे मिळत. पुढे बायकांचे व मुलांचे कपडे आले, मग घड्याळे, पर्स, पादत्राणे, अत्तरे आणि सौंदर्यप्रसाधनेही आली. अनेक कंपन्यांचा माल एका छताखाली, छापील किमतीला, हाताळून आणि अंगावर घालून पाहता येईल असा मांडायचा, अशी या दुकानाची रीत होती.

मुंबईला असे मोठे दुकान नवे नव्हते. इंग्रजी अमलात फोर्टमध्ये व्हाइटवे लेडलॉचे भव्य दालन होते. त्याच इमारतीत पुढे खादीचे भांडार आले. अकबरअलीजचे नाव मध्यमवर्गाला ठाऊक होते. गिरणी कामगारांच्या नायगावात १९४८ मध्ये सुरू झालेल्या अपना बाजारने तर सहकारातून असे दुकान चालवता येते, हे दाखवून दिले होते. तरीही १९९१ पर्यंत बहुतेक घरांत शर्ट-पँटचे कापड मीटरवर घेऊन शिंप्याकडे टाकण्याचीच पद्धत होती. तयार कपड्यांच्या नाममुद्रा नुकत्याच रुजू लागल्या होत्या. पार्क अव्हेन्यू १९८६ ची, लुई फिलिप १९८९ ची. या कंपन्यांकडे माल होता, पण तो नीट मांडणारी मोठी दुकाने नव्हती. शॉपर्स स्टॉप वाढले ते ही उणीव भरून काढल्यामुळे.

याच काळात मुंबईच्या गिरण्या मोडत होत्या. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून आलेल्या हजारो कामगारांचा रोजगार गेला. पुढे लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात कापड विकणारी झगमगती दालने आली. जेथे कापड विणले जाई तेथे ते विकले जाऊ लागले आणि मिळकत मागावरून काउंटरवर सरकली. या व्यवसायाच्या वाढीचा विचार करताना ही किंमत नजरेआड करता येत नाही.

अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या दुकानाचे खरे गणित मात्र न विकलेल्या मालात असते. दुकानदार माल तीन तऱ्हांनी घेतो. पहिल्या तऱ्हेत तो पैसे मोजून माल विकत घेतो आणि उरलेला माल त्याच्याच अंगावर पडतो. दुसऱ्या तऱ्हेत विकेल तेवढ्याचेच पैसे देऊन बाकीचा माल कंपनीकडे परत पाठवायचा असतो. तिसऱ्या तऱ्हेत दुकानातली जागाच कंपनीला दिली जाते. माल तिचा, बहुधा विक्रेतेही तिचेच, आणि दुकानाला विक्रीतला ठरलेला हिस्सा मिळतो.

समजा, एका दुकानाने ६०० रुपयांना एक याप्रमाणे १०० शर्ट विकत घेतले आणि हजार रुपयांना विकायला ठेवले. सगळे विकले गेले तर ४०,००० रुपये सुटतात. सत्तरच विकले तर हाती ७०,००० येतात, गुंतवणूक ६०,००० असते, म्हणजे सुटतात फक्त १०,००० आणि वर तीस शर्ट पडून राहतात. परतीच्या अटीवर कंपनी तोच शर्ट ७०० ला देईल. सगळे खपले तर ३०,००० मिळतील, सत्तर खपले तरी २१,००० मिळतील. चांगल्या हंगामातला थोडा नफा सोडून वाईट हंगामातला मोठा फटका टाळण्याचा हा सौदा आहे. ज्याच्याकडे मोक्याची जागा आणि येते-जाते गिऱ्हाईक आहे, त्यालाच कंपन्या ही अट देतात. शॉपर्स स्टॉपकडे दोन्ही होते. परतीच्या आणि हिश्शाच्या मालावर त्याचे स्वतःचे भांडवल कमी अडकले आणि ते नव्या दुकानांसाठी वापरता आले.

गिऱ्हाईक टिकवण्याचे काम १९९४ साली सुरू झालेल्या 'फर्स्ट सिटिझन' या सभासद योजनेने केले. खरेदीवर गुण मिळत, पण कंपनीला त्याहून मोलाची माहिती मिळे: कोण, केव्हा, कोणत्या मापाचे, काय घेतो. पुढे विक्रीचा निम्म्याहून बराच मोठा हिस्सा या सभासदांकडूनच येऊ लागला.

मुंबईबाहेर बंगळूर, हैदराबाद, पुणे अशी शहरे जोडली गेली. क्रॉसवर्ड ही पुस्तकांची साखळी समूहात आली. २००५ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. २००६ मध्ये मालाडला हायपरसिटी हे किराणा-भाजीसह सर्व काही विकणारे अवाढव्य दुकान निघाले आणि २०१० मध्ये शॉपर्स स्टॉपने त्यात बहुमताचा हिस्सा घेतला. येथे जुने गणित चालले नाही. किराण्यात नफा पातळ, नासाडी मोठी आणि जागेचे भाडे जबर. अखेर २०१७ मध्ये हायपरसिटी फ्यूचर रिटेलला विकली गेली. कपड्यांच्या धंद्यात कमावलेले किराण्यात घालणे ही कंपनीची सर्वात महागडी चूक ठरली. त्याच वर्षी ॲमेझॉनने शॉपर्स स्टॉपमध्ये सुमारे १७९ कोटी रुपयांना पाच टक्के हिस्सा घेतला.

पुढचे आव्हान उलट दिशेने आले. टाटा समूहाच्या ट्रेंट कंपनीने वेस्टसाइडमध्ये जवळजवळ सगळा माल स्वतःच्याच नाममुद्रेचा ठेवला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या झुडिओने तीच पद्धत अगदी स्वस्त दरात छोट्या शहरांपर्यंत नेली. मार्च २०२५ अखेर झुडिओची दुकाने ७६५ होती. येथे परतीची सोय नाही, सगळा धोका कंपनीचा. पण मधला वाटेकरी नसल्याने भाव उतरवता येतो आणि माल झपाट्याने हलतो. शॉपर्स स्टॉपलाही २०२३ मध्ये 'इनट्यून' ही स्वस्त कपड्यांची वेगळी दुकाने काढावी लागली.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या छोट्या बाजारपेठेलाही न विकलेल्या मालाचा हा हिशोब परका नाही. येथील कापड दुकानदार लग्नाच्या बस्त्यासाठी, दिवाळीसाठी आणि सिद्धनाथाच्या रथयात्रेसाठी माल भरतो. पाऊस हुकला की माण तालुक्यातली खरेदी आखडते आणि गठ्ठे त्याच्याच फळीवर राहतात. आठवडी बाजारात कपडे घेऊन बसणाऱ्या बाईचे तर सगळे भांडवल पालाखाली मांडलेले असते. १९९७ मध्ये म्हसवडलाच उभ्या राहिलेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेमुळे अशा बायकांना खेळत्या भांडवलासाठी सावकाराचे दार टळले. पण कर्जाने माल भरता येतो, न खपलेला माल परत जात नाही. परतीची अट एकट्या छोट्या दुकानाला कोणी देणार नाही, ती एकत्रित मागणीलाच मिळते. म्हसवड, दहिवडी आणि आटपाडीच्या कापड दुकानदारांनी निदान एका हंगामाची घाऊक खरेदी एकत्र करावी आणि भाव ठरवण्याआधी न विकलेल्या मालाच्या परतीची अट व्यापाऱ्यापुढे ठेवावी.