शिंगराच्या पाठीवरचे पहिले ओझे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर नाहीतर बोनसवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. शिंगरू खोगिराला कसे लावतात यावर बोलतो, असे मी म्हटल्यावर ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. परंतु मी माझा प्रांत सोडून बोलणार नाही. माझे आयुष्य कामकऱ्यांत गेले, आणि घोडा व खेचर हे कामकरीच आहेत. कामावर नव्याने येणाऱ्याला पहिल्या एकदोन वर्षांत कसे वागवले जाते, यावर त्याचे पुढचे सगळे आयुष्य ठरते, हे मी माणसांत पाहिले. जनावरांत तेच कसे घडते, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे शेतीशी नाते आहे, म्हणून गोऱ्ह्यापासून सुरुवात करतो. गोऱ्हा कामाला लावताना आपला शेतकरी त्याला पहिल्या दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. जुन्या, शांत बैलाच्या जोडीला लावतो, हलके काम देतो आणि थोड्या वेळाने सोडतो. बैलाच्या बाबतीत हे शहाणपण आपल्या अंगवळणी पडले आहे. घोडा मात्र आपल्याकडे आता लग्नाच्या वरातीपुरताच उरला. नवरदेव घोडीवर बसतो, पुढे बँड वाजतो, फटाके उडतात. ती घोडी एवढ्या गोंगाटात उभी राहायला कशी शिकली असेल, हा विचार वरातीतल्या कोणाच्या मनात सहसा येत नाही.

एके काळी महाराष्ट्रात हा स्वतंत्र धंदा होता. नवा घोडा स्वारीला तयार करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. आडनाव म्हणून तो शब्द आजही आपल्यात आहे. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. भीमेच्या खोऱ्यातल्या काटक भीमथडी तट्टांनी किती मजल मारली, हे आपण इतिहासात वाचतो. पण त्या प्रत्येक तट्टाच्या पाठीवर कोणीतरी पहिल्यांदा हात ठेवला होता, पहिल्यांदा खोगीर टाकले होते. त्या हाताचे नाव बखरीत येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शिंगराच्या पाठीवर माणूस केव्हा बसवावा?

दोन वर्षांचे शिंगरू उंचीने जवळजवळ पुरे वाढलेले दिसते, आणि येथेच माणूस फसतो. हाडांच्या टोकांशी वाढीचा जो कोवळा भाग असतो, तो सगळीकडे एकदम पक्का होत नाही. खुराजवळची हाडे लवकर पक्की होतात. गुडघ्याच्या वरचे हाड साधारण अडीच वर्षांच्या आसपास. आणि पाठीचे मणके सर्वांत शेवटी, पाच वर्षे उलटल्यावर. म्हणजे ज्या जागी आपण बसतो, तीच जागा सगळ्यांत उशिरा तयार होते. दातांवरून वय कळते. अडीच वर्षांच्या सुमारास दुधाचे मधले दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे, आणि पाचव्या वर्षी तोंड जुळते. खेचर तर घोड्याहूनही सावकाश भरते. हलके माणूस, थोडा वेळ, हे चौथ्या वर्षी चालेल. पूर्ण काम तोंड जुळल्यावरच द्यावे.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक रंग पाहते, चाल पाहते, देवमण आहे का पाहते, अंगावरचे भोवरे मोजते. भोवऱ्याने घरात लक्ष्मी येते की जाते हे मला ठाऊक नाही. परंतु तोंड उघडून दात पाहिले नाहीत, तर दोन वर्षांचे शिंगरू चार वर्षांचे म्हणून गळ्यात पडते, आणि त्याचा दंड शिंगराची पाठ भरते.

बसण्याआधीच्या दोनतीन वर्षांत शिकवावयाचे मात्र पुष्कळ असते. अंगावर सगळीकडे हात फिरू द्यावा, खरारा सोसावा, चारही पाय उचलू द्यावेत, म्हणजे पुढे नालबंदापुढे झगडा होत नाही. मग मोरकी घालून शेजारी चालणे. मग लांब दोरीवर गोल फिरवणे. याला जुने लोक कावा देणे म्हणत. दोन्ही बाजूंनी सारखे फिरवावे, आणि फार वेळ नाही, कारण गोलात फिरताना कोवळ्या पायांवर ताण येतो. पुढे पाठीवर रिकामे पोते, नंतर खोगीर, तंग प्रथम सैल आणि दर दिवशी थोडा घट्ट. सगळ्यात शेवटी माणूस, तोही आधी पाठीवर नुसता पोटावर आडवा पडणारा.

लगामाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण सगळी विद्या तिच्यात आहे. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी हिरडी असते, तिच्यावर लगामाची कडी बसते. ती जागा आपल्या हिरडीसारखीच नाजूक. स्वार डावा ओढा देतो तेव्हा घोड्याला फक्त टोचणी कळते. तिचा अर्थ कळत नाही. तो मान वर करतो, खाली घालतो, शेवटी चुकून डावीकडे वळवतो. त्याच क्षणी स्वाराने हात सैल केला, तर त्याला अर्थ कळतो. दोन पळे उशीर केला, तर काही कळत नाही. घोडा शिकतो तो हात सैल पडण्याच्या त्या क्षणी. ज्याला वेळेवर सैल सोडता येत नाही, तो मग काटेलगाम शोधतो. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या झेनोफोनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, हा त्यातला एक मुख्य उपदेश आहे. एवढ्या जुन्या काळी कळलेली गोष्ट माणसाला पुन्हापुन्हा सांगावी लागते, हे आपले दुर्दैव.

खेचराविषयी दोन शब्द. बाप गाढव, आई घोडी. स्वतःला सहसा संतती नाही. त्याला आपण हट्टी म्हणतो. परंतु घोडा भ्याला म्हणजे उधळतो, खेचर भ्याले म्हणजे थांबते. पूल कच्चा वाटला, वाट निसरडी वाटली, ओझे एका बाजूला कलले, की ते पाय रोवते. आमच्या चळवळीतल्या माणसाला हे वागणे ओळखीचे वाटते! अडलेल्या खेचराला मारण्याआधी ते का अडले हे पाहावे. बहुधा कारण सापडते. डोंगरी वाटेवर नव्या खेचरांना घंटा बांधलेल्या जाणत्या घोडीमागे चालवण्याची पद्धत आहे, कारण खेचर घोडीमागे विश्वासाने जाते. आपल्या गोऱ्ह्याची जुन्या बैलाशी जोडी लावतात, तीच ही रीत.

आपल्या भाषेत निरुपयोगी भरताडाला आपण खोगीरभरती म्हणतो. ज्याने तो शब्द त्या अर्थाने रूढ केला, त्याच्या पाठीवर कधी खोगीर बसले नसावे. खोगिरातली भरती सपाट झाली, गाठी झाल्या, की कण्यावर भार येतो, कातडी सोलते आणि तेथे जखम होते. शिंगरू वाढत असते, म्हणून आज बसणारे खोगीर सहा महिन्यांनी बसेलच असे नाही. दर खेपेस खोगीर काढल्यावर घामाचा ठसा पाहावा. घामात मध्येच कोरडा डाग दिसला, तर तेथे दाब जास्त आहे असे समजावे.

शिवाजी महाराजांचे राज्याभिषेकाच्या सुमाराचे चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच बेपर्वाईने उडवलीत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारली असे होईल, आणि मग तुम्ही रयतेला उपद्रव देऊ लागाल, असा त्याचा आशय आहे. जनावराची उपासमार आणि गरिबाची लूट यांचे नाते एवढ्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा कागद माझ्या वाचनात नाही. महाभारतातही जयद्रथवधाच्या दिवशी, सूर्य कलत असताना, श्रीकृष्ण भर रणांगणात घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना पाणी पाजतो आणि मगच पुन्हा जुंपतो. प्रतिज्ञा अर्जुनाची पणाला लागली होती, तरी विसावा घोड्यांना मिळाला.

आता कायदा पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्यात माणसासाठी लिहिले होते की, दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको आणि सलग पाच तासांपुढे विश्रांतीवाचून काम नको. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम झाले. त्यांत काय आहे? दिवसाला नऊ तास. सलग पाच तासांपुढे विश्रांती. आणि ३७ अंशांवर तापमान गेले तर दुपारी बारा ते तीन काम बंद. तट्टाच्या पाठीवर ७० किलो, गाढवाच्या पाठीवर ५० किलो ही ओझ्याची कमाल मर्यादा. काटे असलेल्या लगामाला मनाई. नियम वाचताना मला आमचीच सनद वाचतो आहे असे वाटले. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ३७ अंश म्हणजे सकाळचीच गोष्ट, हे आपल्याला सांगायला नको.

परंतु एक उणीव मोठी आहे. कारखाना कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर घेण्यास बंदी केली आणि त्याहून थोड्या मोठ्या मुलाला दिवसाला साडेचार तासच दिले. वर्षे मोजून लिहिली. जनावरांच्या १९६० च्या कायद्यात वयामुळे कामास अयोग्य असलेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा म्हटला आहे. पण किती वय, ते त्या कलमात नाही, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणजे शिंगराच्या बालपणाची राखण मालकाच्या मर्जीवर आली.

आणि मालकाची मर्जी कोठून येते? काही वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी मी एका घोडेवाल्याला थोडे रागानेच म्हटले, "हे तर अजून दूध पिते पोर आहे, याच्यावर तुम्ही माणसे बसवता?" तो म्हणाला, "दादा, मला कळत नाही का? मीच त्याला जन्मताना हातात घेतले. पण मोठी घोडी लंगडी झाली, हंगाम दोन महिन्यांचा, आणि हप्ता दर महिन्याचा. हे उभे राहिले तर घरात चूल पेटत नाही." मला पुढे बोलवेना. त्याला शिंगराची दया माझ्याहून जास्त होती. फक्त ती परवडत नव्हती.

ओझे असे खाली खाली उतरते. सावकाराचा भार माणसावर, माणसाचा शिंगरावर, आणि शिंगराच्या खाली कोणी नाही. माथेरानला मोटारीला बंदी असल्याने घोडा हीच तेथली मोठी वाहतूक राहिली. त्याच माथेरानला माणूस माणसाला रिक्षात ओढत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि त्याबरोबरच रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखण्यासही सांगितले. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. नुसती बंदी गरिबाच्या पोटावर येते. बंदीबरोबर भाकरीची सोय केली तरच ती टिकते.

म्हणून घोडेवाल्यांची संघटना हवी, आणि तिच्या मागण्यांत शिंगराचा वाटा हवा. चार वर्षांपर्यंत पाठीवर स्वार नको, हे वय नियमात लिहावे. काम करणारे जनावर आजारी पडले तर हप्ता थांबावा, म्हणजे त्याच्या जागी शिंगरू उभे राहणार नाही. विमा, नालबंद आणि पशुवैद्य हंगामाच्या ठिकाणी असावेत. जुन्या जाणत्या घोडेवाल्यांनी तरुणांना लगामाची विद्या द्यावी, आणि त्या शिकवण्याचे त्यांना पैसे मिळावेत. यातली एकही मागणी मालकाच्या हिताविरुद्ध नाही. तोंड जुळेपर्यंत राखलेले जनावर वीस वर्षे वयापर्यंतही काम देऊ शकते. अडीच वर्षांत जुंपलेले भर तारुण्यात बसते, आणि कर्ज तसेच राहते.

आपणा श्रोत्यांकडेही एक मागणे आहे. केदारनाथच्या चढणीला किंवा महाबळेश्वरला घोडा करताना त्याचे वय विचारा. खोगीर उचलून पाठ दाखवायला सांगा, आणि पाठ चांगली असेल तर भाव पाडू नका. येत्या लग्नसराईत आपल्या घरची वरात निघेल, तेव्हा घोडीला आधी पाणी मिळाले का पाहा, आणि तिच्या पायाशी फटाका लावणाऱ्याचा हात धरा. घोडेवाला पोरगा आपल्याला काही म्हणणार नाही, कारण त्याची बिदागी अजून आपल्या खिशात असते. पण लगाम धरून उभा असलेला तो आणि ती घोडी, दोघांचाही दिवस त्यामुळे थोडा हलका होईल.