पोटाला चालते ते फुप्फुसाला चालते काय?



अन्नशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? आम्ही युनियनची माणसे. आमचे शिक्षण गेटसभांत आणि मोफत वाचनालयांत झाले. पण एखाद्या खाद्यद्रव्याची माहिती कोठे शोधावी, हा प्रश्न एकट्या प्राध्यापकांचा नव्हे. ते द्रव्य ढवळणाऱ्या मजुराचाही तो आहे.

उदाहरण अमेरिकेतले घेतो, कारण तेथले कागद उघडे आहेत. मिसूरी राज्यात जास्पर या गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा, म्हणजे मक्याच्या लाह्यांचा, कारखाना होता. तेथे टाकीत सोयाबीनचे तेल तापवून त्यात मीठ आणि लोण्याच्या वासाचे द्रव्य मिसळीत. त्या वासातला मुख्य घटक डायासेटिल. तो खऱ्या लोण्यातही असतो. २००० साली एका डॉक्टराने राज्याच्या आरोग्य खात्याला कळविले, की येथल्या ८ माजी कामगारांना ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स झाला आहे. या विकारात फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका व्रणांनी आकसतात, त्या पुन्हा मोकळ्या होत नाहीत. चौघांची नावे फुप्फुस बदलण्याच्या यादीत गेली.

आता समजा, त्यापूर्वी कोणी अन्नशास्त्राच्या पुस्तकांत डायासेटिल शोधले असते. सापडले असते स्वादाचे रसायन, दुधाचे विरजण, बिअरमधला नकोसा वास. आणि सरकारी यादीतला 'सर्वसाधारणपणे सुरक्षित' हा शेरा. शेरा खोटा नव्हता. तो खाणाऱ्यापुरता होता. वाफेत उभे राहणाऱ्याचा त्यात विचारच नव्हता.

म्हणून आधी कपाट निवडावे. 'फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी ॲबस्ट्रॅक्ट्स' ही १९६९ पासूनची सूची अन्नाच्या घडणीसाठी उत्तम, पण तिला वर्गणी पडते. वैद्यकाची 'पबमेड' १९९७ पासून सर्वांना फुकट. तिसरे कपाट कारखान्यांच्या पाहणी-अहवालांचे. अमेरिकेत तीन कामगारांनी किंवा त्यांच्या युनियनने अर्ज केला, तरी 'नायॉश' ही सरकारी संस्था त्याची दखल घेते. आम्हांला याचा हेवा वाटतो, तो कशाला लपवा! जास्परला आरोग्य खात्याने तिलाच बोलाविले. १३५ कामगारांपैकी ११७ जणांनी प्रश्नावलीला उत्तरे दिली. श्वासमार्गाचा अडथळा अपेक्षेच्या ३.३ पट निघाला. हे २००२ साली छापून आले, ते वैद्यकाच्या नियतकालिकात.

नावांचेही जपावे. डायासेटिल, बायासेटिल, २,३-ब्युटेनडायोन, ही सारी एकच वस्तू. एक नाव घालून शोधाल तर बाकीच्या नावांखालचे लिखाण दडून राहील. त्यापेक्षा तिचा नोंदणी-क्रमांक घालावा: ४३१-०३-८.

आणि काही कागद कोणत्याच कपाटात नसतात. १९९३ साली एका रासायनिक कंपनीने उंदरांना डायासेटिल हुंगविले. त्यांच्या श्वासमार्गाला इजा झाली. अहवाल तेव्हा छापला गेला नाही. त्या वर्षी सूची चाळणाऱ्याला 'काही सापडले नाही' एवढेच कळले असते, आणि तो निश्चिंत होऊन घरी गेला असता.

पुढे डायासेटिलच्या जागी काही ठिकाणी २,३-पेंटेनडायोन आले. 'डायासेटिलमुक्त' असे छापणे सोपे झाले! २०१२ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. श्वासनलिकांना तशीच इजा. २०१६ साली नायॉशने दोहोंची मर्यादा सुचविली: हवेच्या एक अब्ज भागांत डायासेटिल ५ भाग, पेंटेनडायोन ९.३. या दुसऱ्याचा नोंदणी-क्रमांक ६००-१४-६. ज्यांनी वही आणली आहे त्यांनी टिपून घ्यावा.